नदीला हक्क द्या, आणि तिच्या बाजूने भांडणारा पालकही : केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : नद्या आणि परिसंस्थांना कायदेशीर हक्क देणारा कायदा संसदेत आणण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

२० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. दहाच दिवसांनी, ३० मार्चला, त्याच न्यायालयाने गंगोत्री आणि यमुनोत्री या हिमनद्यांसह ओढे, तळी, हवा, कुरणे, जंगले, पाणथळ जागा, झरे आणि धबधबे यांनाही तो दर्जा देऊन टाकला. ७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने गंगा-यमुनेच्या निकालाला स्थगिती दिली. जेमतेम साडेतीन महिने या दोन नद्या कायद्यापुढे स्वतःच्या नावाने उभ्या होत्या.

ही स्थगिती मागायला उत्तराखंडचे राज्य सरकारच गेले होते. उच्च न्यायालयाने नद्यांचे पालक म्हणून तिघांना नेमले होते : 'नमामि गंगे'चे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि राज्याचे महाधिवक्ता. ज्यांच्या ओटीत नदी घातली, त्यांच्याच सरकारने हे पालकत्व निभावता येणार नाही म्हणून दिल्ली गाठली. राज्याने उपस्थित केलेले प्रश्न मात्र खरे होते आणि मी ते हलके लेखत नाही. गंगा पाच राज्यांतून वाहते. एका राज्याचा मुख्य सचिव उरलेल्या चार राज्यांतल्या गंगेचा पालक कसा होणार? पुरात कुणाचे घर वाहून गेले तर त्याने नदीवर, म्हणजे मुख्य सचिवांवर, भरपाईचा दावा लावायचा का? ती रक्कम कुणाच्या तिजोरीतून द्यायची? निकालात या प्रश्नांची उत्तरे नव्हती.

ती उत्तरे संसदेने द्यायची आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. निसर्गाला हक्क देणारा कायदा आपण जरूर आणावा. पण त्यातले सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले कलम पालकाबद्दलचे असावे. हा पालक सरकारपासून वेगळा हवा, त्याच्या हाताशी स्वतःचा निधी हवा आणि वेळ आली तर सरकारविरुद्ध न्यायालयात जाण्याची त्याला मुभा हवी. एवढे नसेल तर नदीला दिलेला हक्क राजपत्रातच राहील.

ही कल्पना परकी किंवा भावनेच्या भरात सुचलेली आहे, असे आपल्याला सांगितले जाईल, म्हणून तिचा थोडा इतिहास सांगतो. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग या डोंगरी खोऱ्यात डिस्ने कंपनीला बर्फावरच्या खेळांचे मोठे केंद्र उभारायचे होते. सिएरा क्लब ही संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितले, की संस्थेने आपल्या सदस्यांचे वैयक्तिक नुकसान दाखवलेले नाही, त्यामुळे तिला दावा लावता येणार नाही. खोऱ्याचे नुकसान होणार हे ऐकून घ्यायला कायद्यात जागाच नव्हती. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी भिन्नमत नोंदवले : कायदा जहाजाला व्यक्ती मानतो, कंपनीला मानतो, मग दरीला, नदीला, कुरणाला का नाही? त्याच वर्षी कायद्याचे प्राध्यापक ख्रिस्तोफर स्टोन यांनी हाच विचार एका दीर्घ लेखात मांडला. एखाद्याला कायदेशीर हक्क आहे असे कधी म्हणायचे, यासाठी त्यांनी तीन कसोट्या सांगितल्या. त्याच्या वतीने, त्याच्या नावाने दावा लावता आला पाहिजे. न्यायालयाने नुकसान मोजताना त्याला झालेली इजा मोजली पाहिजे. आणि मिळालेली भरपाई त्याच्याच कामी आली पाहिजे.

या तीन कसोट्या आपल्याच कायद्यांना लावून पाहा.

पहिली कसोटी. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यानुसार बाधित झालेली कोणतीही व्यक्ती लवादाकडे जाऊ शकते. जनहित याचिकांमुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची दारेही उघडी आहेत. या बाबतीत आपण १९७२ च्या अमेरिकेपेक्षा पुष्कळ पुढे आहोत, हे मान्य करायलाच हवे. पण कुणीही जाऊ शकतो म्हणजे जाणे कुणाचेच कर्तव्य नाही. नदीकाठचा एखादा शिक्षक, एखादा मच्छीमार, एखादी वकील आपला वेळ, पैसा आणि कधी कधी जीवही पणाला लावून जातात तेव्हा खटला उभा राहतो. तो माणूस थकला, त्याच्यावर दबाव आला, त्याने गाव सोडले, की नदीची बाजू संपली. शिवाय लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली दावा लावायची मुदत सहा महिन्यांची, आणि लवादाने ठरवले तर आणखी ६० दिवसांची. नदी अशी ठरावीक तारखेला मरत नाही. एक नाला वळवला जातो, मग वाळू उपसली जाते, मग पूरक्षेत्रात भराव पडतो, मग वरच्या अंगाला बंधारा होतो. वीस वर्षांत थोडी थोडी झालेली ही इजा सहा महिन्यांच्या चौकटीत कशी बसवायची?

दुसऱ्या कसोटीवर आपला कायदा निम्मा उतरतो. लवादाला पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश देता येतो, आणि ही मोठी गोष्ट आहे. तिसऱ्या कसोटीवर तो पुरता अडखळतो. पर्यावरणाच्या नुकसानीपोटी लवादाने बसवलेली रक्कम कलम २४ नुसार पर्यावरण मदत निधीत जमा होते. ज्या नदीचे नुकसान झाले, तिचे त्या रकमेवर नाव नसते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने आणि २०२४ च्या जलप्रदूषण कायद्यातील दुरुस्तीने तुरुंगवासाच्या बऱ्याच तरतुदी काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंडाची व्यवस्था आणली. हा दंड सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो. मोठ्या कारखान्याला १५ लाख रुपये म्हणजे धंद्याचा एक किरकोळ खर्च, आणि नदीच्या वाट्याला त्यातूनही काही येईल याची हमी नाही.

म्हणजे प्रश्न नवे तत्त्व आणण्याचा नाही. तत्त्वे आपल्याकडे आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४८ अ आणि ५१ अ (ग) आणून पर्यावरण जपणे हे राज्याचे आणि नागरिकाचे कर्तव्य ठरवले. बियास नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्य हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे. २०१४ च्या जल्लीकट्टू निकालाने प्राण्याच्या हिताकडे त्या प्राण्याच्या बाजूने पाहिले. माणसाखेरीज इतरांना व्यक्ती मानणेही आपल्याला नवे नाही. देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे हे १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, नि:संदिग्धपणे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये गुरू ग्रंथ साहिब यांनाही तोच दर्जा दिला. आणि नोंदणी झाली त्या दिवसापासून प्रत्येक कंपनी व्यक्ती असते. नदीचे पाणी उचलणाऱ्या कंपनीला न्यायालयात स्वतःचे नाव आहे, नदीला नाही, ही विषमता मला अस्वस्थ करते.

तरीही एक इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रामलल्ला विराजमान यांना कायदेशीर व्यक्ती मानले, पण जन्मस्थानाच्या जमिनीला स्वतंत्र व्यक्ती मानायला नकार दिला. त्यामागचे तर्कशास्त्र आपल्या विषयालाही लागू पडते. जमीनच व्यक्ती ठरली, तर तिच्यावर इतरांचे जे हक्क असतील ते एका फटक्यात पुसले जातील. नदीला किंवा जंगलाला नुसते 'व्यक्ती' म्हणून मोकळे होण्यात हाच धोका आहे. कोणता हक्क, कुणाविरुद्ध, कोणत्या मर्यादेत, हे लिहावे लागते. न्यायालय एका प्रकरणात हे सगळे लिहू शकत नाही. कायदाच लिहू शकतो.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जे घडले, त्यात सगळीकडे पालकाचीच जागा कच्ची राहिली. गंगेला अधिकारी पालक मिळाले, त्याचे काय झाले ते वर आलेच. मध्य प्रदेश विधानसभेने मे २०१७ मध्ये नर्मदेला जिवंत अस्तित्व म्हणून मान्यता देणारा ठराव केला. पण ठरावाने न्यायालयात जाणारा माणूस उभा राहत नाही. २ मार्च २०२० रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने चंदीगडच्या सुखना तलावाला जिवंत व्यक्ती ठरवले आणि शहरातल्या सर्व नागरिकांना त्याचे पालक केले. भावना उदात्त आहे, त्याबद्दल मला आदरच वाटतो. पण लाखो लोक पालक असतात, तेव्हा उद्या सकाळी पाणलोटात नवे बांधकाम सुरू झाले तर नोटीस कुणी पाठवायची?

आता बाहेरची दोन उदाहरणे, जरा सविस्तर, कारण मसुदा लिहिताना ती आपल्या अधिकाऱ्यांना खरोखर उपयोगी पडतील.

न्यूझीलंडच्या संसदेने त्याच मार्च २०१७ मध्ये व्हांगानुई नदीचा कायदा केला. या नदीसाठी तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांनी एकोणिसाव्या शतकापासून झगडा चालवला होता. कायद्याने डोंगरातल्या उगमापासून समुद्रापर्यंतची नदी, तिच्या उपनद्यांसह, एक अखंड कायदेशीर व्यक्ती मानली. तिच्या वतीने बोलायला दोन माणसे : एक माओरींनी सुचवलेला, एक सरकारने सुचवलेला. पण नेमणूक झाल्यावर दोघांचेही कर्तव्य नदीशी, नेमणाऱ्याशी नाही. नदीच्या नावाने ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा वेगळा निधी ठेवला. सरकारच्या मालकीचा नदीपात्राचा भाग नदीच्या स्वतःच्या नावावर केला. मात्र आधीपासूनचे खासगी हक्क आणि परवाने कायद्याने अबाधित ठेवले, त्यामुळे वीजनिर्मितीसाठी या नदीच्या वरच्या प्रवाहांतून वळवले जाणारे पाणी वळतच राहिले. मला ही त्या कायद्याची मोठी उणीव वाटते. तरी आपल्याकडच्या शंकेखोरांना हेही कळावे, की हा कायदा झाला म्हणून तिथली वीज गेली नाही आणि कारभार ठप्प झाला नाही.

दुसरे उदाहरण स्पेनचे, आणि आपल्या परिस्थितीला ते अधिक जवळचे आहे. मार मेनोर हे आग्नेय स्पेनमधले सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे खारे सरोवर. भोवतालच्या बागायती शेतीतून खतांचे नायट्रेट त्यात उतरत राहिले, शेवाळ माजले, पाण्यातला प्राणवायू संपला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मासे श्वासासाठी काठाकडे धावले आणि तिथेच मेले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. सरोवर वाचवण्यासाठी कायदे तेव्हाही होते. संरक्षित क्षेत्राचे फलकही होते. अखेर लोकांनीच कायद्याचा प्रस्ताव मांडला, त्यावर सहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या, आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी मार मेनोर ही युरोपातली कायदेशीर व्यक्ती ठरलेली पहिली परिसंस्था झाली. तिचे पालकत्व तीन मंडळांत विभागले आहे : सरकार आणि काठचे नागरिक यांच्या प्रतिनिधींचे एक, देखरेख करणारे दुसरे आणि शास्त्रज्ञांचे तिसरे. याशिवाय कुणाही व्यक्तीला सरोवराच्या नावाने न्यायालयात जाता येते. या कायद्याला आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो वैध ठरवला. प्रदूषण एका रात्रीत थांबले असे मुळीच नाही. पण आता तिथे सरोवराची बाजू मांडणे हे कुणाचे तरी ठरलेले काम आहे.

इक्वाडोरने २००८ च्या राज्यघटनेतच निसर्गाचे हक्क लिहिले. २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने लॉस सेद्रोस या मेघवनातले खाणीचे परवाने याच आधारावर रद्द केले, आणि त्यात सरकारी खाण कंपनी गुंतलेली असतानाही केले. उलट बोलिव्हियाने २०१० मध्ये धरणीमातेच्या हक्कांचा कायदा केला, पण खाणकाम आणि वायूउत्खनन जवळपास तसेच चालू राहिले. बांगलादेशात २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तुराग नदीला आणि तिच्यासोबत देशातल्या सगळ्याच नद्यांना व्यक्ती ठरवून राष्ट्रीय नदी संरक्षण आयोगाला पालक नेमले, मात्र त्या आयोगाच्या मूळ कायद्याने त्याला फक्त शिफारशी करण्याचा अधिकार दिलेला होता. अमेरिकेत टोलेडो शहराच्या मतदारांनी २०१९ मध्ये ईरी सरोवराला हक्क दिले, ते वर्षभराने संघीय न्यायालयाने रद्द केले, कारण शब्दरचना फार संदिग्ध होती. सदिच्छा भरपूर आणि मसुदा सैल, असे झाले की काय होते, ते यातून आपल्याला फुकट शिकता येईल.

म्हणून काही ठोस विनंत्या.

सगळ्या निसर्गाला एकदम हक्क देऊ नका. हवेपासून धबधब्यापर्यंत सगळे एका वाक्यात घेतले की अंमलबजावणीला धरायला काहीच उरत नाही. कायदा देशव्यापी असावा, पण दर्जा एकेका परिसंस्थेला, तिची हद्द नकाशावर आखून मिळावा : ही नदी, तिच्या या उपनद्या, हे पूरक्षेत्र. आंतरराज्य नद्यांबाबत संसदेला राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीच्या ५६ व्या नोंदीनुसार अधिकार आहे. तेव्हा उत्तराखंडने विचारलेला पाच राज्यांचा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

हक्क मोजता येतील असे असावेत. हे अशक्य नाही, सरकारने ते केलेले आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या गंगेत नोव्हेंबर ते मार्च या काळात सरासरी प्रवाहाच्या २० टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी सोडलेच पाहिजे असे ठरवले. हे प्रमाण पुरेसे आहे का, यावर तज्ज्ञांनी जरूर वाद घालावा. माझा मुद्दा एवढाच, की नदीला किती पाणी लागते ते टक्क्यांत लिहिता येते. मग त्याला सूट-सवलतीच्या कक्षेत न ठेवता नदीचा हक्क म्हणा, आणि तो मोडला गेला तर तिच्या पालकाला दाद मागू द्या. वाहण्याचा हक्क, पूरक्षेत्रावरचा हक्क, विषारी सांडपाण्यापासून मुक्तता आणि झालेली हानी भरून मिळण्याचा हक्क, एवढे जरी नेमके लिहिले तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.

पालक तीन असावेत असे मला वाटते. एक नदीखोऱ्यातल्या ग्रामसभा आणि मच्छीमार संस्थांनी निवडलेला, एक नदीचा शास्त्रीय अभ्यास असलेला, एक कायदा जाणणारा. कार्यरत सरकारी अधिकारी यांत नको. अधिकारी वाईट असतात म्हणून नव्हे. ज्याने बंधाऱ्याच्या फाइलवर सही करायची, त्यालाच बंधाऱ्याविरुद्ध नदीची बाजू मांडायला सांगणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. त्यांची मुदत ठरलेली असावी आणि त्यांना काढण्याचा अधिकार सरकारकडे नसून न्यायालयाकडे असावा. खोऱ्यातल्या प्रत्येक प्रकल्पाची सूचना त्यांना मिळावी, आणि त्यांच्या आक्षेपाला पर्यावरण मंजुरीच्या आदेशात लेखी, कारणांसह उत्तर देणे बंधनकारक असावे. त्या नदीपोटी वसूल झालेला दंड आणि भरपाई तिच्याच निधीत यावी. आणि पुराच्या नुकसानीची जबाबदारी पालकांवर येणार नाही, ती आजच्यासारखी राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडेच राहील, हे एका वाक्यात स्पष्ट लिहून टाकावे. २०१७ चा निकाल अडला, त्याचे हे एक मोठे कारण होते.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती. जंगलाला हक्क दिला, आणि तोच हक्क पुढे करून जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना बाहेर काढले, तर तो कायदा मला नको. अभयारण्यांच्या नावाने हे आपल्याकडे घडलेले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि जलस्रोत जपण्याचा अधिकार दिला आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरातल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून लोक जंगल कसे सांभाळतात ते दाखवले. निसर्गाचे पालक शोधायला आपल्याला लांब जायला नको. ते या गावांत बसलेले आहेत. नव्या कायद्यात वनहक्क कायद्याला बाधा येणार नाही, असे स्वतंत्र कलम असावे आणि जंगलाच्या बाबतीत पालक निवडण्याचा पहिला अधिकार ग्रामसभेचा असावा.

विकास थांबेल, असे म्हणणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. हक्क कधीच निरंकुश नसतो. माणसाची जमीनही सार्वजनिक कामासाठी घेतली जाते. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार त्याला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, भरपाई द्यावी लागते, पुनर्वसन करावे लागते. नदीचे पाणी, वाळू, काठ घेताना तिच्या बाजूने यातले काहीच होत नाही. पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी होते, ती माणसांची. तिथे नदीच्या वतीने बोलायला एक खुर्ची असावी, एवढीच ही मागणी आहे. सुनावणी झाल्यावरही एखादा प्रकल्प मंजूर होईल. तेव्हा निदान नदीकडून काय घेतले आणि त्या बदल्यात तिला काय देणे लागतो, याची लेखी नोंद होईल.

जलशक्ती मंत्रालयाशी चर्चा करून आपण या कायद्याचा मसुदा मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करावा आणि हरकतींसाठी किमान सहा महिने द्यावेत, म्हणजे खोऱ्याखोऱ्यांतल्या ग्रामसभांना तो वाचून ठराव करता येतील. पहिली नदी कोणती, हे मंत्रालयाने वरून ठरवू नये. ज्या खोऱ्यातून लोक स्वतः पुढे येतील, तिथून सुरुवात करावी. आणि त्या मसुद्यात पालकांच्या निवडीचे व निधीचे कलम 'नियमांद्वारे विहित केल्याप्रमाणे' एवढ्यावर सोडू नये. ते मूळ कायद्यातच, पूर्ण लिहिलेले असावे.

आपला,
नद्यांच्या हक्कांसाठी आग्रही असलेला एक नागरिक